कवला, कवळा की 'मिकी माउस'?

विचारणा
गेल्या शनिवारी कासला गेलो होतो. तिथल्या कातळी सड्यावर जिकडे बघावं तिकडे वीतभर उंचीची पिवळी फुलं, प्रत्येकावर दोन तांबडे ठिपके. सगळे 'मिकी माउस, मिकी माउस' करत फोटो काढत होते. वाटाड्या मात्र 'कवला' म्हणाला. आमच्याकडे डोंबिवलीत पावसाळ्यात 'कवळा' नावाची रानभाजी येते. ती हीच का? आणि ल बरोबर की ळ?

प्रतिसाद
दोन्ही कानावर येतात. माझं मत ळच्या बाजूने. कवळा म्हणजे कोवळा. कवळी काकडी, कवळं पान म्हणतोच की आपण. भाजीही तशीच आहे. आषाढात ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पानं, निवडता निवडता अर्धा तास जातो. कांदा, लसूण, मिरची, वरून ओलं खोबरं, बास. भाद्रपदात फुलं येईपर्यंत देठ निबर होतो, मग कोणी खात नाही. म्हणून भाजीवाल्यांना पान माहीत आणि पर्यटकांना फूल. नावं दोन पडणारच!

प्रतिसाद
संस्कृतात 'कवल' म्हणजे घास. खाण्याची वस्तू, म्हणून कवला?

प्रतिसाद
ओढूनताणून वाटतं. मग मेथीनेच काय घोडं मारलंय?

प्रतिसाद
थोडी दुरुस्ती. दोन्ही एकाच स्मिथिया प्रजातीतल्या, पण जाती वेगळ्या; सख्ख्या बहिणी म्हणा. कासवर तुम्ही पाहिली ती बहुतेक स्मिथिया हिर्सुटा. भाजीची ती सहसा स्मिथिया सेन्सिटिव्हा. हिची पानं लाजाळूसारखी मिटतात, नावातच ते आलंय. 'स्मिथिया' हे नाव 1788 साली लंडनची लिनियन सोसायटी स्थापन करणाऱ्या जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून. आपल्या घाटातल्या एका जातीला मात्र शं. पु. आघारकरांचं नाव आहे, स्मिथिया आघारकरी. पुण्यातली आघारकर संस्था त्यांच्याच नावाची.

शब्दाइतकंच हे झाड कुठे उगवतं तेही बघण्यासारखं आहे. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती. पावसाने त्यातलं नत्रही धुऊन जातं. तिथेच दवबिंदू आणि सीतेची आसवं ही झाडं उगवतात, ती किडे खाऊन नत्राची भूक भागवतात. कवला पडला शेंगवर्गातला, हरभऱ्या-तुरीचा भाऊबंद. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधून देतात, त्यामुळे शिकारीची गरज नाही. एकाच अडचणीवर शेजाऱ्याशेजाऱ्यांनी काढलेल्या दोन तोडी. कासला परत गेलात तर फुलांचा फोटो झाल्यावर गुडघे टेकून खालचं दवबिंदूही बघा. पण उपटू नका, गाठी बघायच्या तर घरचा हरभरा पेरा.

आणि 'मिकी माउस'बद्दल तक्रार नको. ठिपके बघून कोणालाही तेच सुचेल. फक्त फलकावर 'कवला' आधी लिहावं, इतकंच.

विचारणा करणारा
सगळ्यांचे आभार. काल मंडईत आमच्या नेहमीच्या मावशींना विचारलं, "कवळा आहे का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आता कुठला रं कवळा? त्याचं लाकूड झालं. आषाढात ये."