मदत हवी आहे: बटलरनंतर काय वाचू?

अमेरिकन विज्ञानकथा लेखिका ऑक्टेव्हिया बटलरचं 'पॅरेबल ऑफ द सोअर' काल रात्री संपवलं, डोक्यातून जातच नाहीये. पुस्तक १९९३ चं आणि गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये, लॉस एंजलिसजवळ भिंतीआड राहणारी वस्ती, पाणी पेट्रोलपेक्षा महाग, आणि नायिका लॉरेनला तर समोरच्याला लागलं की स्वतःच्या अंगात कळ येते, ती पोरगी पळायची पिशवी आधीच भरून ठेवते ना, तिथे मी थांबलेच. लेखिका एन. के. जेमिसिनची 'ब्रोकन अर्थ' ही तीन कादंबऱ्यांची मालिका यादीत आहे (२०१६ ते २०१८ सलग तीन ह्युगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार!). वर्णभेद, गरिबी, पाणी यावर अजून काय वाचू? कॉलेजच्या मुलांना वाचून दाखवायचंय, इंग्रजी जड जातं त्यांना, त्यामुळे छोट्या कथा असतील तर प्लीज आधी त्या सांगा.