शरीरातलं मायक्रोप्लास्टिक मोजणारी टेस्ट कुठे होते? (तातडीने)

घाईत: माझा रिपोर्ट खराब आलाय. पुरुषांच्या अंडकोषांत प्लास्टिक सापडल्याची बातमी वाचली. माझ्यात किती आहे आणि ते बाहेर कसं काढायचं? "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला नको.

उंबरा: कसला रिपोर्ट? वय? किती काळ प्रयत्न चालू आहेत?

काचवाला: आधी घरातलं प्लास्टिक हाकला. आम्ही सगळं काचेचं केलं, वर्षभरात गोड बातमी.

उंबरा: त्याच वर्षी सिगारेट सोडल्याचा धागा तुम्हीच काढला होतात ना?

काचवाला: सोडली. पण गुण काचेचाच.

घाईत: वीर्यतपासणीचा हो, दुसरा कसला! शुक्राणूंचा काउंट कमी.

सूक्ष्मदर्शी: कमी म्हणजे किती? मध्यंतरी ताप वगैरे?
ती बातमी न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या 2024 च्या अभ्यासाची. 23 पुरुष आणि 47 कुत्रे, सगळ्यांच्या अंडकोषांत प्लास्टिक मिळालं. पण काउंट फक्त कुत्र्यांचाच मोजता आला. त्यांच्यात पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) जास्त तिथे काउंट कमी दिसला, त्यामुळेच कमी झाला असं सिद्ध झालेलं नाही. आणि मोजायला ऊतक विरघळवावं लागतं. द्याल?

झाकण: पाणी उकळून गाळून प्या, 90 टक्के प्लास्टिक जातं.

सूक्ष्मदर्शी: तेवढं फक्त खूप जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात. क्षारांच्या थरात कण अडकतात. मऊ पाण्यात बरंच कमी.

पाळणा: गरोदर बायकांच्या वारेतही (प्लॅसेंटा) सापडलंय म्हणे, 2021 मध्ये इटलीत. बाळाची बाटली कोणती घ्यावी?

घाईत: बाटलीचा वेगळा धागा काढा!! काउंट मिलिलिटरला 90 लाख. वय 36. वर्ष उलटून गेलं. महिन्यापूर्वी सणकून ताप आला होता, पण त्याचा इथे काय संबंध?

सूक्ष्मदर्शी: आहे ना. तापाने काउंट पडतो आणि सावरायला दोन-तीन महिने लागतात. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने जातात. डब्ल्यूएचओची खालची मर्यादा 1.6 कोटी आहे, पण त्याखाली असूनही मुलं होतात. टेस्ट पुन्हा करा. दरम्यान यूरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं) आहे का ते बघून घ्या. ते बऱ्याच जणांत सापडतं आणि त्यावर इलाज आहे.

काचवाला: डबे तरी बदला हो!

उंबरा: पत्नीच्या तपासण्या झाल्या?

घाईत: तिच्या कशाला? दोष माझ्यात निघाला ना.

उंबरा: दोघांतही निघू शकतो. वर्ष झालंय, तिच्या आत्ताच सुरू करा. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबू नका.