वाघ आणि निळा टॅरंट्युला: तुलना कोणत्या निकषांवर करावी?

वर्धमाननगरकर:
आमच्या शाळेतील आठवीचे विद्यार्थी ऑक्टोबरमधील वन्यजीव सप्ताहासाठी तक्ता तयार करीत आहेत. पेंच-ताडोबामुळे वाघ नागपूरच्या मुलांच्या परिचयाचा आहे. त्याच्यासमोर त्यांनी आंध्र प्रदेशातील निळा टॅरंट्युला निवडला आहे. सस्तन प्राण्याची कोळ्याशी तुलना शास्त्राला धरून होईल का, आणि ती वजन व लांबीच्या पुढे कशी नेता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उमरेड रोड:
तुलना अवश्य करावी. दोघेही दबा धरून शिकार करतात. परंतु भक्ष्याची चाहूल वाघाला डोळ्यांनी आणि कानांनी लागते, तर आठ डोळे असूनही दृष्टी अधू असलेला हा कोळी पायांवरील केसांना जाणवणाऱ्या कंपनांवर विसंबून असतो. वाघ सांबराचा गळा धरून त्याला गुदमरवतो आणि मांस फाडून खातो. कोळी विषाने भक्ष्य निकामी करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो, म्हणजे त्याचे पचन तोंडाबाहेरच सुरू होते. वाढीसाठीही त्याला अंगावरचे कठीण कवच वेळोवेळी टाकावे लागते, आणि नवे कवच टणक होईपर्यंत तो स्वतःच असुरक्षित असतो. झुंजीत कोण जिंकेल, हा रकाना मुले सुचवतीलच. तो कृपया गाळावा.

महाल, नागपूर:
वरील मुद्दे योग्यच आहेत, पण तक्त्याचा भर अधिवासावर असावा असे मला वाटते. या कोळ्याचे पहिले वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये गुत्तीच्या नमुन्यावरून केले (मुरारराव घोरपड्यांची गुत्ती ती हीच), आणि १९२९ मध्ये वाघाला ‘पँथेरा’ या प्रजातीत घेणारेही पोकॉकच. पुढे जवळपास शंभर वर्षे कोळ्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये तो नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात पुन्हा आढळला. २००८ च्या जागतिक मूल्यांकनात त्याचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी मानून त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले गेले. भक्ष्य मुबलक असलेल्या जंगलातही एका वाघिणीला सुमारे वीस चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे या संपूर्ण जातीचे ज्ञात क्षेत्र जेमतेम पाच वाघिणींना पुरेल. कोळ्याला स्वतःला मात्र जुन्या झाडाची एक ढोली पुरते, आणि म्हणूनच लाकूडतोड त्याला थेट भोवते.

वर्धमाननगरकर:
रंगाचा रकाना ठेवावा का? एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, तो निळा रंग नेमका कशामुळे दिसतो.

उमरेड रोड:
जरूर ठेवावा. वाघाचा केशरी रंग केसांतील रंगद्रव्याचा असतो. कोळ्याचा निळा रंग मात्र रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित झाल्याने दिसतो. हरणांना केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे गवतातला वाघ त्यांच्या नजरेतून सुटतो, हेही त्याच रकान्यात लिहिता येईल.