मदत हवी आहे : पुटिका रिकाम्या होण्यातील बिघाड आणि बाळाचे झटके

नमस्कार. रावेर येथे मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. चेतापेशीतील रसायनांच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पेशीपटलाशी जोडून रिकाम्या करणारी स्नेअर प्रथिने (पुटिकांच्या वाहतुकीवरील संशोधनाला २०१३ चे नोबेल मिळाले) मी वखारीच्या दाराशी लागलेल्या केळीच्या ट्रकच्या उदाहरणाने समजावतो. बोट्युलिनम विष हीच प्रथिने कापते आणि स्नायू लुळे पडतात, इथपर्यंत मुलांना पटते. परवा मात्र एका विद्यार्थिनीने वही पुढे करून विचारले, की स्नेअर प्रथिनांना मदत करणारे प्रथिन बनवणाऱ्या एसटीएक्सबीपी-१ जनुकाची एकच प्रत बिघडून रसायनांचे स्रवण मंदावत असेल, तर बाळाला उलट झटके का येतात? गाबा हे रसायन सोडून उत्तेजना आवरणाऱ्या चेतापेशीही दुबळ्या होतात, एवढेच मी सांगू शकलो. जाणकारांनी ही साखळी फळ्यावर टप्प्याटप्प्याने कशी मांडावी, ते कृपया सुचवावे.