१४२८५७ गल्ल्यावर लिहिल्यानं बरकत येते? (पोस्टला उत्तर)

बेळगावच्या टिळकवाडीचा मास्तर: कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे १४२८५७ हा वेदातला सिद्ध आकडा, गल्ल्यावर लाल शाईनं लिहायचा. का, तर दोननं गुणलं की २८५७१४, तीननं ४२८५७१, सहापर्यंत तेच अंक फिरतात. अहो, १ ला ७ नं भागून बघा. बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १, की पुन्हा तेच चक्र. २ पासून भागायला लागा, ३ पासून लागा, त्याच चक्रात मधूनच शिरता. आणि सातनं गुणलं की ९९९९९९. संपली सिद्धी.

खडेबाजार: आमच्या गल्ल्यावर हाय की ओ. धंदा चाललाय, तुमच्या पोटात का दुखतंय? मग १ ला १३ नं भागल्यावर अंक असे का फिरत नाहीत?

मास्तर: १३ चे दोन कळप होतात, ०७६९२३ आणि १५३८४६. १७ चे सोळाच्या सोळा अंक फिरतात, ते लिहा की गल्ल्यावर, जागा असली तर! माणसाला आठच बोटं असती आणि आठाच्या पटीत मोजलं असतं, तर १/७ म्हणजे नुसतं ०.१११…

निपाणीकर: वेदातला कुठला? महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त बघा, इ.स. ८५० च्या आसपासचा ग्रंथ. १४२८५७१४३ × ७ = १०००००००१, दोन्हीकडून सारखं वाचता येणारं. पण जैनाचं नाव घ्यायला जीभ जड होते ना!

शहापूरकर: महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या पदरी. राजधानी मान्यखेट, कलबुर्गी जिल्हा. घ्या, आकडा कर्नाटकाचा निघाला.

खानापूरकर: वेरूळचं कैलास कुणी कोरलं मग? राष्ट्रकूटांनीच ना? भास्कराचार्यही असेच विजापूरला नेऊन ठेवलेत. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाचं गाव लिहिलंय. विजापुरात सह्याद्री दाखवा, मी चहा पाजतो. त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

शहापूरकर: आणि ‘कविराजमार्ग’ त्याच अमोघवर्षाच्या दरबारातला, कन्नडमधला ग्रंथ. त्याला तुमची १९५६ ची राज्यांची हद्द ठाऊक नव्हती.

खानापूरकर: १९५६ मला शिकवू नका! बापाच्या जमिनीचा कन्नड उतारा शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावा लागतो मला. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात ते एकदा सांगून टाका.

मास्तर: आकड्यावर बोला रे! देवळालीच्या शाळेतले गणिती कापरेकर विसरलात? त्यांनी शोधलेल्या प्रकारातलाच हा आकडा. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तोडा आणि मिळवा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. पोस्टवाल्याला याचा पत्ता तरी आहे का?

खडेबाजार: म्हणजे आकडा भारी हाय, तुम्हीच म्हणालात!

मास्तर: भारी आहे. त्यानं उधारी वसूल होत नाही.

खडेबाजार: बरं, भागाकार मानला. पुसणार मात्र नाही.

निपाणीकर: पुसू नका, खाली महावीराचार्यांचं नाव घाला.

शहापूरकर: कन्नडमध्ये.

खानापूरकर: दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड झालंच आहे, आता गल्ल्यातही घुसा!