दोन वर्षं झाली तरी बोलत नाही, थांबू का?

मुलगा परवा 2 वर्षांचा झाला, आई, बाबा आणि भूभू एवढंच बोलतो, पाणी हवं तर माझा हात धरून माठाकडे ओढत नेतो. सासूबाई म्हणतात ह्याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला. थांबू का दाखवू?

> थांबू नका हो. ह्या वयात साधारण 50 शब्द आणि 'दूध दे' असं दोन शब्द जोडून यायला हवं. आधी कान तपासा, बेरा टेस्ट (ऐकू येतं का ते बघायची तपासणी) झोपेतच करतात, दुखत नाही.

> भांडं पडलं की दचकतो पण!

> आमची पण दचकायची, त्यावरच विसंबलो आणि वर्ष गेलं, बारीक आवाज ऐकूच येत नव्हते तिला 😔

> अंगणवाडीत आरबीएसकेची (सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीम येते, फुकट तपासतात. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था, ती ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच आहे.