‘अंतिम मागणी’ला दुसरा शब्द सुचवा

पानपुसणी: देशाच्या ऊर्जेच्या मागणी-पुरवठ्याच्या मॉडेलवरचा एक अहवाल मराठीत आणतेय. ‘फायनल एनर्जी डिमांड’ला ‘अंतिम ऊर्जा मागणी’ लिहिलं. संपादक म्हणाले, “संपाची नोटीस वाटतेय. मान्य करा, नाहीतर उद्यापासून काम बंद!” मूळ अर्थ असा: कोळशातली 3 युनिटं जाळली की वीज साधारण 1 युनिट मिळते, त्यातलीही थोडी तारांत जाते; उरून घराच्या, कारखान्याच्या दाराशी येते ती फायनल. काय लिहू?

शुद्धमती: आधी ‘मॉडेल’ काढा. प्रतिमान.

दीडशहाणा: प्रतिमान पॅराडाइमने पळवलाय. ‘प्रारूप’ म्हणाल तर लोक हरकती-सूचना पाठवतील. मॉडेलच राहू दे. आणि फायनलला ‘दारपोच ऊर्जा’!

पानपुसणी: हसले, पण अर्थ चपखल बसतोय.

जुनी वही: ‘अंतिम’ अर्थानेही चूकच. दारात आलेल्या विजेतून प्रकाश होतो ती पुढची पायरी, ‘उपयुक्त ऊर्जा’. जुन्या पिवळ्या बल्बात 100तले जेमतेम 5 भाग प्रकाश, बाकी नुसती धग.

रकानेवाला: माझं भांडण ‘मागणी’शी आहे. अशा मॉडेलांत आकडे भरण्यात वर्षं गेली. तिथे कुणी काही मागत नाही. सिमेंट किती टन, टनामागे ऊर्जा किती, हा गुणाकार म्हणजे मागणी. ते तरी ठीक. पण मागच्या वर्षांसाठी सर्रास खपाचाच आकडा टाकतात. भारनियमनात सहा तास अंधारात बसलेल्याने मग काही मागितलंच नाही! मी एकदा त्या रकान्याला ‘खप’ असं नाव दिलं, तर साहेबांनी खोडून पुन्हा ‘मागणी’ केलं.

शुद्धमती: भारनियमन हीसुद्धा लबाडीच. कपातीला नियमन म्हणायचं! ‘भारकपात’ हवं.

दीडशहाणा: घरात कोण म्हणतं भारनियमन? ‘लाइट गेली’ म्हणतात.

जुनी वही: गेली? लाइट ‘गेले’ हो! अनेकवचनी.

शुद्धमती: वीज जाते. लाइट कुठलाच जात नाही.

रकानेवाला: आमची आजी ‘लाइटी गेल्या’ म्हणायची. एकच बल्ब होता.

पानपुसणी: अहो, अहवाल उद्या द्यायचाय. दारपोच लिहू ना?

जुनी वही: ‘लाइटी’ पहिल्यांदाच ऐकतोय. पंख्यालाही लाइटीच का?